तीस इंचांचं दार

वन्संचं आणि माझं पंचवीस वर्षांत फारसं कधी जमलं नाही, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे मी त्यांची बाजू घेऊन बोलतेय असं कोणाला वाटायला नको. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची मोठी बहीण. उंची बेताची, आवाज दुप्पट. धंदा शिवणकामाचा, आधी कपडे, मग हळूहळू नुसते पडदे, सोफ्याची कव्हरं, गाद्यांच्या खोळी. गळ्यात कायम मापाची टेप. लग्न ठरलं तेव्हा पहिल्याच भेटीत त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "खांदे उतरते आहेत, पॅड लावावे लागतील." ते मी अजून विसरलेले नाही.

त्यांचे यजमान, आमचे भाऊजी, मालाच्या गाडीवर ड्रायव्हर होते. दीड वर्षापूर्वी अपघात झाला आणि कमरेखालचं अंग गेलं. जीव वाचला, घरात चाकाची खुर्ची आली. राहायची जागा भाड्याची, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. संडासाचं दार एवढंसं, की खुर्ची बाहेरच राहायची. तिथून पुढे वन्सं त्यांना काखेत हात घालून उचलून न्यायच्या, दिवसातून चार-पाच वेळा. आत टेकायला-धरायला काही नाही, सोडलं तर पडणार, म्हणून दार उघडं टाकून तिथेच धरून उभं राहायचं. भाऊजी म्हणजे चारचौघांत सदऱ्याचं वरचं बटणसुद्धा न उघडणारा माणूस. मी गेले की माझ्यासमोर तासन्‌तास पाणी प्यायचे नाहीत. का, ते कळायला मला दोन महिने लागले, आणि कळल्यावर मी तिकडे जाणंच कमी केलं.

गावाबाहेर एक लहानसा प्लॉट वन्संनी कधीकाळी घेऊन ठेवला होता. तिथे घर बांधायचं ठरलं. दोन खोल्या, स्वयंपाकघर, सगळं जमिनीलगत. "तुम्हाला काय हवंय घरात? सांगून ठेवा," वन्संनी माझ्यादेखत विचारलं. मला वाटलं, मोठी खिडकी म्हणतील, एखादं झाड म्हणतील.

"संडासात जाऊन आतून कडी लावता आली पाहिजे," भाऊजी म्हणाले. "बाकी तुझं तू बघ."

बाकीचं वन्संनी बघितलं. आमचे हे म्हणाले, एखादा ठेकेदार ठेव, तो सगळ्यांना सांभाळेल. वन्सं कसल्या ऐकतात! "ठेकेदार ठेवला की मी माझ्याच घरात पाहुणी," म्हणाल्या. "ग्राहक सांभाळले मी तीस वर्षं. चार कारागीर काय सांभाळायचे!"

पहिल्या महिन्यात चार कारागिरांनी त्यांच्या नाकी नऊ आणले. गवंडी प्रत्येक गोष्टीला "दोन दिवसांत होतंय" म्हणायचा, म्हणून मी त्याचं नावच दोनदिवस ठेवलं. त्याने गिलावा केला आणि दुसऱ्याच दिवशी प्लंबरने येऊन पाइपासाठी तोच गिलावा फोडला. दोनदिवस भडकला, प्लंबर म्हणाला मला कोणी सांगितलंच नाही, आणि फरशीवाला दोघांचं भांडण ऐकून गाडी वळवून घरी गेला. सुताराचं तर वेगळंच. तो यायचा, एक बिडी ओढायचा, "अजून भिंती ओल्या आहेत" म्हणायचा आणि जायचा.

मी रोज थर्मासमधून चहा घेऊन जायचे. मदत म्हणून, आणि खरं सांगायचं तर थोडी गंमत बघायलाही. पण वन्संची गंमत फार दिवस बघायला मिळत नाही. दुसऱ्या महिन्यात त्यांनी कपड्यावर खुणा करायचा खडू काढला आणि समोरच्या कोऱ्या भिंतीवर सगळ्यांसमोर लिहायला लागल्या. कोणाच्या आधी कोण, कोणाच्या नंतर कोण. ज्याचं काम झालं त्याने स्वतःच्या हाताने फुली मारायची. फुली दिसली नाही तर पुढच्याने हत्याराला हात लावायचा नाही. आणि सकाळी सातला फोन. "येताय ना?" असं कधी विचारायच्या नाहीत. विचारलं की समोरचा नाही म्हणतो. त्या थेट म्हणायच्या, "कुठवर पोचलात?" माणूस अंथरुणातच असायचा, पण लाजेकाजेस्तव "निघालोय, निघालोय" म्हणायचा आणि मग खरंच निघायला लागायचं. मी घरी आमच्या ह्यांच्यावर हा प्रयोग करून पाहिला. चालतो.

आता दाराचं सांगते. वन्संनी भाऊजींची खुर्ची चारी बाजूंनी मापली होती. चाकांवरच्या, हाताने फिरवायच्या कड्यांसकट सव्वीस इंच. वर दोन्हीकडे हात मारायला जागा, म्हणून तीस. संडासाची भिंत उभी राहत होती तेव्हा मी तिथेच होते, पेल्यांत चहा ओतत.

"तीस म्हणजे कुठून कुठवर धरायचं, ताई?" दोनदिवसाने विचारलं.

"अहो, तीस म्हणजे तीस! इकडून तिकडे. मला माप शिकवता?" वन्सं कडाडल्या. त्या दिवशी तीन ठिकाणी तीन घोटाळे झालेले, डोकं फिरलेलं. दोनदिवसाने मान हलवली आणि विटेपासून विटेपर्यंत बरोब्बर तीस इंच जागा सोडली. वन्संनी टेप लावून बघितली. खूश झाल्या.

पुढे सगळं भिंतीवर लिहिल्यासारखं झालं. सुताराने चौकट बसवली, दार बसवलं. प्लंबरचे नळ आले, फरशीवाल्याने आत वरपर्यंत टाइल लावल्या. भाऊजींना धरून उठता-बसता यावं म्हणून भिंतीत दोन भक्कम दांडे बसवले. कडीसुद्धा वन्संनी खाली, त्यांच्या हाताशी येईल अशी लावून घेतली. भाड्याच्या जागेत शनिवारी दुसरं बिऱ्हाड यायचं होतं. बुधवारी भाऊजींना घर दाखवायला आणलं. हिशोब चुकता करायला म्हणून चौघे कारागीरही आलेले. सगळ्यांचे चेहरे हसरे. भाऊजींनी खोल्या पाहिल्या न पाहिल्यासारख्या केल्या आणि खुर्ची सरळ संडासाकडे वळवली.

खुर्ची दारात अडकली.

मागे घेतली, सरळ केली, परत घातली. परत अडकली. एका बाजूला चाकाचं कडं चौकटीवर, दुसऱ्या बाजूला उघड्या दाराच्या कडेवर. वन्संनी गळ्यातली टेप ओढली आणि लावली. पंचवीसलाही थोडी कमीच.

मग जे व्हायचं ते झालं. सुतार म्हणाला, "मला जेवढी जागा मिळाली तेवढ्यात मी चौकट बसवली. दोन्हीकडून दोन-दोन इंच चौकट खाणारच, उघडल्यावर दाराची जाडी आणखी एक इंच खाते." फरशीवाला म्हणाला, माझा काय संबंध. प्लंबर आधीच दोन पावलं मागे सरकला होता. सगळे दोनदिवसाकडे बघायला लागले. त्याने विचारलं होतं हे मला माहीत होतं, वन्संनाही माहीत होतं. तो ते बोलला नाही. खाली बघत उभा राहिला.

भाऊजींनी खुर्ची मागे घेतली. "राहू द्या रे," म्हणाले. "दार काढून टाका. दाराची जाडी गेली की ओढूनताणून बसेल खुर्ची. पडदा लावू."

अगदी साध्या आवाजात.

वन्संनी टेप परत गळ्यात टाकली. मग म्हणाल्या, "आयुष्यभर लोकांच्या घराचे पडदे शिवले मी. माझ्या घरात संडासाला पडदा लागणार नाही." आणि कारागिरांकडे वळल्या. मला वाटलं, आता कोणाची तरी सालटी निघणार. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "ह्या गवंड्यांनी मला विचारलं होतं, मी ऐकून घेतलं नाही. कापडाला शिवणीत जाणारा दाब सोडल्याशिवाय कधी कात्री लावली नाही, आणि इथे चौकट न धरता तयार माप सांगून मोकळी झाले. तुमच्यापैकी कोणाची चूक नाही. पण हे शुक्रवारपर्यंत मला एकटीला उसवता येणार नाही."

मी पंचवीस वर्षांत वन्संच्या तोंडून "चूक माझी" हे दोन शब्द ऐकले नव्हते. कारागिरांनी तर कुठल्याच घरमालकाच्या तोंडून ऐकले नसणार.

अडचण साधी नव्हती. दाराच्या एका बाजूला खांब, त्याला धक्का लावता येत नाही. दुसऱ्या बाजूच्या भिंतीतून पाण्याचा पाइप गेलेला. प्लंबर डोकं खाजवत म्हणाला, सुरुवात कुठून करायची तेच कळत नाही.

"शिवण उसवताना शेवटच्या टाक्यापासून सुरुवात करतात," वन्सं म्हणाल्या. "शेवटी कोण आलं होतं? फरशीवाले. तुम्ही आधी. मग चौकट निघेल, मग पाइप, मग भिंत. आणि परत येताना उलटं."

"मी उद्या सकाळी येतो," दोनदिवस म्हणाला. दोन दिवस नाही, उद्या! मी त्याच्याकडे बघतच राहिले.

फरशीवाल्याने त्याच संध्याकाळी टाइल सोडवल्या, चार फुटल्या, बाकीच्या सुट्या निघाल्या. गुरुवारी सात वाजता वन्संनी फोन लावला तर दोनदिवस म्हणाला, "ताई, मी दाराशी उभा आहे, किल्ली कुणाकडे?" सुताराने चौकट काढली आणि नवी मोठी करायला स्वतःच्या घरचं, कपाटासाठी राखून ठेवलेलं लाकूड आणलं. बायको ओरडली म्हणे. प्लंबरने पाइप हातभर सरकवला. ह्या वेळी वन्संनी तीसचे छत्तीस केले होते, आणि दर वेळेला दोनदिवस ओरडून विचारायचा, "ताई, छत्तीस कच्चं की तयार?" आणि वन्सं निमूटपणे सांगायच्या, "कच्चं चाळीस. तयार छत्तीस." मी दोन दिवस विटांचे तुकडे उचलत होते. हाताला फोड आले. वन्संनी पाहिलं आणि आपले हातमोजे काढून माझ्याकडे फेकले.

शनिवारी दुपारी टेम्पो आला. सामान अजून उतरत होतं तोवर भाऊजी आत आले. कोणाकडे बघितलं नाही. चौघे कारागीर काहीतरी आवरल्याचं नाटक करत भिंतीला लागून उभे होते. एक जण तर आवरलेलंच परत आवरत होता. खुर्ची दारातून गेली. भाऊजींनी मागे हात करून दार ओढलं. कडी लागल्याचा आवाज आला.

आम्ही उभे. पाच मिनिटं गेली, दहा गेली. आत दांड्यावर हात पडल्याचा आवाज झाला, धापा ऐकू आल्या. मग काहीतरी धाडकन आपटलं. मी पुढे धावले, तर वन्संनी माझं मनगट असं पकडलं की कळ आली. त्यांचा दुसरा हात स्वतःच्या तोंडावर होता आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. त्यांना असं रडताना मी अपघाताच्या वेळीही पाहिलं नव्हतं. मला त्यांचा राग यायला हवा होता, मनगट दुखत होतं. पण मीही रडायला लागले.

"काही नाही, बादली पडली," आतून भाऊजी म्हणाले. मग थांबून, "बाहेर कोण आहे?"

आम्ही सहा जण एकमेकांकडे बघायला लागलो.

"कोणी नाही," वन्संनी आवाज सरळ करून सांगितलं.

"मला वेळ लागेल."

"लागू द्या."

दोनदिवसाने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच आपल्या चपला हातात घेतल्या. मग सुताराने, मग सगळ्यांनी. पाय न वाजवता एकामागून एक आम्ही अंगणात उतरलो. सगळ्यांत शेवटी वन्सं आल्या, आणि येताना घराचं दारही त्यांनी बाहेरून ओढून घेतलं.