तीन फौजा आणि एक उंबरठा

विमानतळावर जायला टॅक्सी आली, तेव्हा बाबा माझ्या दाराबाहेर पायरीखाली उभा होता. आम्ही शिरवणे गावचे. नवी मुंबई वसवायला सरकारनं आमचं भातशेत घेतलं, त्यावर नेरुळची नवी बैठी घरं उठली आणि पावण्याच्या कारखान्यातल्या पगारावर मी त्यातलंच एक घेतलं. मला वाटलं, आपल्या जागेवर परत आलो म्हणून बाबा खूष होईल. कसलं काय!

"माज्या शेताव बांदलेलं घर. त्याच्या छपराखाली मी नाय येनार," त्यानं सांगून टाकलं होतं.

आई गेल्यापासून आम्ही दोघंच. तो गावातल्या जुन्या घरात, मी इथे. हाकेच्या अंतरावर दोन चुली पेटायच्या आणि दोघंही एकेकटे जेवायचो. त्या दिवशीही त्यानं बाहेरूनच सुक्या बोंबलांची पुडी माझ्या हातात ठेवली. "जपून जा," एवढंच म्हणाला.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कारखान्यानं घेतलेलं नवं यंत्र चालवायला शिकण्यासाठी मला पश्चिम जर्मनीतल्या एका नदीकाठच्या गावी धाडलं होतं. राहायला होतो हिल्डेबाईंकडे. बाईंचा नवरा लढाईत गेलेला, मूलबाळ नाही. त्या मुळात कमी बोलायच्या आणि माझं जर्मन मोडकंतोडकं, त्यामुळे जेवताना घड्याळाचीच टिकटिक ऐकायची. गाव देखणं होतं. लाल कौलं, सफरचंदांची झाडं, धुक्यात बुडालेली नदी. पण कौतुक सांगायचं कुणाला? खोलीत बोंबलांची पुडी उघडून नुसता वास घ्यायचो आणि रडायचो. खोटं कशाला सांगू?

दसऱ्याच्या सुमारास गावात मानोव्हर (युद्धसराव) सुरू झाला. जर्मन, इंग्रज आणि डच (हॉलंडचे), अशा तीन फौजा उतरल्या. पूर्वेकडून रशियाचा हल्ला झालाच तर तिघांनी मिळून लढायचं, त्याची ही तालीम. चाळीस वर्षांपूर्वी हेच जर्मन आणि बाकीचे दोघे एकमेकांच्या जिवावर उठले होते.

तिघांना मिळून नदीवर तरंगता पूल टाकायचा होता. यंत्रशाळेला सुट्टी मिळाली की मी काठावर जाऊन बसायचो. एकाचा दुसऱ्याशी मेळ म्हणून नाही! जर्मन अधिकारी नकाशा पसरून आधी सगळं ठरवणार. इंग्रज म्हणणार, सुरू तर करू, पुढचं पुढे. आणि गुडघाभर चिखलातही त्यांचा चहा चुकायचा नाही. डच पोरांचे केस मानेवर रुळणारे. त्यांची म्हणे युनियनसुद्धा होती. हुकूम आला की आधी विचारणार, का? आमच्या एमआयडीसीतले कामगार बरे, असं मनात आलं. पण भांडत, थांबत, खाणाखुणा करत पूल पुढे सरकत होता.

काही शिपायांची झोपायची सोय हिल्डेबाईंच्या गोठ्यात केली होती. त्यातला यान नावाचा डच पोरगा मात्र पावसातसुद्धा अंगणात तंबू ठोकून राहिला. त्याला इंग्रजी छान यायचं. मी कारण विचारलं.

"माझ्या वडिलांना लढाईत पकडून इकडच्या कारखान्यात राबवलं होतं," तो म्हणाला. "जर्मन माणसाच्या छपराखाली जाणार नाही, असं मी त्यांना वचन दिलंय."

"आणि पूल?"

"पुलाचा हुकूम आहे. जेवायला, झोपायला कुणाचा हुकूम नाही."

शिरवण्याचा माणूस भेटावा तसं झालं मला.

त्या संध्याकाळी बाकीचे शिपाई पुलावर होते आणि हा एकटाच अंगणात डबा उघडून थंडगार काहीतरी खात बसला होता. आमच्याकडे जेवणवेळी अंगणात माणूस दिसला की हाक जातेच. तशी माझ्या तोंडून मराठीतच गेली, हाताच्या खुणेसकट, "ये रे जेवायला!" बोलून गेलो आणि जीभ चावली. घर दुसऱ्याचं, चूल दुसऱ्याची, आणि आमंत्रण देणारा मी कोण? मागे वळलो तर हिल्डेबाईंच्या हातात तिसरी ताटली होती.

यान पायरीपर्यंत आला आणि थांबला. बाई टेबलाशी उभ्या. ना तो आत येई, ना त्या बाहेर जात. मला रागच आला. नदीवर पूल टाकता येतो आणि इथे चार पावलं टाकवत नाहीत? पण रागावून कुणाला बोलणार? बाबाला तरी कुठे काही बोलू शकलो होतो?

मी सरळ उंबरठ्यावर बसकण मारली. उंबरठ्यावर बसू नये, हे आईनं शंभरदा सांगितलेलं. यान खाली पायरीवर टेकला, बाईंनी आतून खुर्ची दाराशी ओढली. सूप माझ्या हातून बाहेर गेलं, पाव माझ्या हातून गेला. यानच्या वडिलांचं मी बाईंना मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं.

मग बाईंनी मला यानला विचारायला सांगितलं, "वडील जेवतात का नीट?"

"दात नाहीत त्यांना," यान म्हणाला.

"मग बटाटा दुधात कुस्करून द्यायला सांग."

मी सांगितलं. तो हसला, आणि त्यानं आणखी सूप मागितलं.

दोन दिवसांत पूल झाला, रणगाडे पार गेले, पूल सुटाही झाला आणि फौजा निघून गेल्या. यान शेवटपर्यंत आत आला नाही. बाईंनी पुढेही काही दिवस टेबलावर तिसरी ताटली मांडली.

नेरुळला परतलो त्या संध्याकाळी बाबा आला आणि नेहमीसारखा पायरीखाली उभा राहिला. दर वेळी मी विनवायचो, "बाबा, चल ना आत." या वेळी नाही विनवलं. भात आणि सुकटीचं कालवण दोन ताटांत वाढलं, एक पायरीवर ठेवलं आणि दुसरं घेऊन उंबरठ्यावर बसलो.

"उंबऱ्याव बसतंय का कोन? आयनं शिकवलं नाय तुला?" तो खेकसला. पण बसला. जेवता जेवता तिकडच्या शेतांबद्दल विचारत होता. मी सांगत होतो.

जेवण झालं. बाहेर कुत्री फिरत होती. त्यानं वाकून रिकामं ताट माझ्या बाजूनं आत सरकवलं. कोपरापर्यंत त्याचा हात घरात आला. मी ते त्याला बोलून दाखवलं नाही, नाहीतर त्यानं हात झटकन मागे घेतला असता.