ज्या पाण्यात डाळ शिजत नाही

माझ्याकडे एक जुनी डिझेल जीप आहे आणि तिच्याबद्दल मी बारा वर्षं खोटं बोललो. आता बहात्तरी उलटली. जीप आणि मी, दोघंही चढावर धापा टाकतो. तेव्हा खरं काय ते लिहून टाकतो.

एकतीस वर्षं मी अकोल्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवलं. आठवीला दुष्फेन पाण्याचा भाग असायचा. साबणाला फेस न येणारं पाणी, किटलीत पांढरा थर धरणारं पाणी. घरची किटली वर्गात नेऊन तो थर मी पोरांना नखाने खरवडून दाखवायचो, वर लिंबू पिळायचो, थर फसफसायचा आणि पोरं टाळ्या वाजवायची. माझा हा पाठ फार गाजलेला होता. मीच गाजवला होता.

आमचं शेत दर्यापूरच्या पुढे, खारपाणपट्ट्यात. तिथल्या बोअरच्या पाण्यात तुरीची डाळ दिवसभर चुलीवर ठेवा, दाण्याला दाणा वेगळाच राहतो. म्हणून शेतावर निघालो की बायको घरून गोड्या पाण्याची कॅन भरून द्यायची. ती कॅन माणसांसाठी. जीपसाठी बोअर होतीच. रेडिएटरचं झाकण उघडायचं, बादलीने ओतायचं आणि शेजारच्या शेतकऱ्याने हटकलं तर त्यालाच ऐकवायचं, "अहो, इंजिनाले काय चव समजते?" किटलीवाला मास्तर हाच.

जीपचा वॉटर पंप गळायला लागला तेव्हा मी निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. बाळापूर रोडला माझ्याच वयाच्या एका मिस्त्रीचं गॅरेज होतं. टिनाचं शेड, पुढे कडुनिंब. मिस्त्री घरी उर्दू बोलायचा, गिऱ्हाइकांशी वऱ्हाडी आणि इंजिनाशी दोन्ही. त्याने पंप बदलला, इंजिन तापू दिलं, मग बंद करून रेडिएटरवरून हळूहळू तळहात फिरवला. डॉक्टर पोट तपासतो तसा.

"मास्तर, हात लावा. इथं चटका बसते, अन् इथं पाहा, थंडं."

"मग?"

"मग काय? मंधातल्या नळ्या बुजल्या. पानी फिरूनच नाई राहिलं. रेडिएटर काढून धुवा लागते. पानी कोन्तं टाकता?"

"शेतातलं."

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, की मला परत आठवीत बसल्यासारखं झालं. "ज्या पान्यात डाळ शिजत नाई, ते इंजिनाले काहून पाजता?"

हे वाक्य माझं असायला हवं होतं. एकतीस वर्षांत मला ते सुचलं नव्हतं आणि शाळेची पायरी जेमतेम चढलेल्या माणसाला सुचलं, याचा मला राग आला. मी म्हटलं, "मिस्त्री, पंप बसवला ना? बस झालं. रविवारी मोझरीले दर्शनाले जायचं आहे, रेडिएटर मग पाहू."

"अशीच नेऊ नका. मोझरी लय दूर पडते."

मी नेली.

सोबत बायको आणि चार निवृत्त मास्तर होते. बडनेऱ्यापर्यंत सगळे माझ्या जीपचं कौतुक करत होते. अमरावती मागे पडली तसा तापमानाचा काटा वर सरकू लागला. नांदगाव पेठेला तो लाल पट्टीत जाऊन बसला. बायको म्हणाली, "अहो, तो काटा पाहा." मी म्हटलं, "तो काटाच बिघडलेला आहे." खरं सांगणाऱ्याला बिघडलेला ठरवायची सुरुवात तिथे झाली. पुढे काही किलोमीटरवर बोनेटमधून वाफ उसळली, इंजिन खडखडलं आणि गाडी थांबली.

रस्त्याच्या कडेला मग चार मास्तरांनी निदान केलं. मराठीवाले म्हणाले, पट्टा सैल असावा. इतिहासवाल्यांना डिझेलमध्ये भेसळ दिसली. पीटीवाले रेडिएटरचं झाकण उघडायला धावले, त्यांना बायकोने सदऱ्याला धरून मागे ओढलं, म्हणून त्यांचं तोंड आज जसं होतं तसं आहे. चौथे माजी मुख्याध्यापक. ते एका खासगी शाळेच्या बसगाड्यांचा कारभार पाहायचे. त्यांनी निदान केलं नाही, त्यांनी गुन्हेगार शोधला.

"सर, काम आताच केलं होतं ना? कोणी केलं?"

"बाळापूर रोडच्या मिस्त्रीने."

"मग त्यानंच घोळ केला."

मी "हो" म्हटलं. एवढंच करायचं होतं तर एक वेळ चाललं असतं. पण मास्तर माणूस एका शब्दात उत्तर देत नाही. मी म्हणालो, "जुना पंप रंग देऊन बसवला असेल. काही बोललासुद्धा नाही मले." बायकोने माझ्याकडे पाहिलं. मिस्त्रीचं बोलणं मी घरी येऊन तिला हसत सांगितलं होतं. नवऱ्याला चारचौघांत खोटं पाडू नये, असं तिला कोणीतरी शिकवलं होतं. घरी आल्यावर मात्र सहा महिने तिने माझ्यासमोर डाळीची वाटी ठेवली की विचारलं, "शिजली का?"

जीप ओढून अमरावतीच्या एका वर्कशॉपमध्ये नेली. दोन दिवसांनी तिथला मेकॅनिक म्हणाला, "काका, पंप नवा कोरा हाये. इंजिनाचं सील, हेड गॅस्केट, तापून गेलं, पन ते रेडिएटरपायी." त्याने रेडिएटर उघडून दाखवलं. नळ्यांची तोंडं पांढऱ्या थराने बुजली होती. नखाने एक खपली निघाली. मी ती रुमालात बांधली आणि घरी आणून कपाटात ठेवली. म्हणजे खरं मला तिसऱ्याच दिवशी कळलं होतं. मी कोणाला सांगितलं नाही.

तोवर त्या खासगी शाळेच्या दोन बसचं काम मिस्त्रीकडून गेलं होतं. माजी मुख्याध्यापक हे अभिमानाने सांगायचे. मास्तरांच्या स्कूटर गेल्या, त्यांच्या जावयांच्या गाड्या गेल्या. आमच्या निवृत्तांच्या रविवारच्या बैठकीत तर "मिस्त्रीचा पंप" ही म्हणच झाली. चहा बेचव झाला, मिस्त्रीचा पंप. कोणाचा गुडघा बदलून दुखायला लागला, मिस्त्रीचा पंप. सगळे हसायचे. मी सगळ्यांत आधी हसायचो. आणि बाळापूर रोडवर जायचं असलं की गावाला वळसा घालून जायचो.

दोन वर्षांपूर्वी बायको गेली. वाटी पुढे ठेवून विचारणारं कोणी उरलं नाही, तर तो प्रश्न जास्तच ऐकू यायला लागला. या उन्हाळ्यात जीप पुन्हा तापू लागली. मुलगा तिला एका नव्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेला. तिथल्या तज्ज्ञांनी संगणकाची वायर जोडायला जागा शोधली. माझी जीप संगणकाच्या आधी जन्मलेली. जागा नव्हती, म्हणून त्यांनी गाडी भंगारात काढायला सांगितली. मला निमित्त मिळालं. मी बाळापूर रोडला गेलो.

शेड तेच होतं, कडुनिंब मोठा झाला होता. दोन माणसं कामाला असायची, आता मिस्त्री एकटाच. तो उठला नाही.

"या मास्तर. रस्ता चुकले?"

"गाडी तापून राहिली."

"मंग पाहा काहून तापते. तुमी शिकलेले."

त्याने स्टुलावर बसून मलाच करायला लावलं. इंजिन थंड असताना झाकण काढून गाडी चालू केली, पाण्यात बुडबुडे येतात का पाहिलं. नव्हते, म्हणजे गॅस्केट धड होतं. तापल्यावर रेडिएटरवरून तळहात फिरवला. गरमी सगळीकडे सारखी होती, म्हणजे नळ्या मोकळ्या; अमरावतीनंतर बोअरचं पाणी मी तिला पाजलंच नव्हतं. पट्टा ताठ, पंखा बरोबर.

"आता?" त्याने विचारलं.

"समजत नाही."

"हातातलं झाकण पाहा ना बापा."

झाकणाच्या आतलं रबर वाळून चिरलं होतं. दाब राहत नव्हता, पाणी उकळून तिथूनच बाहेर जात होतं. मिस्त्रीने नवं झाकण लावलं. मग मी बोललो. पंप, थर, रुमाल, सगळं.

"मले काहून सांगता?" तो म्हणाला. "पंप मीच बसवला, मले मालूम हाये कसा बसवला. जिथं बोलले होते तिथं बोला."

रविवारी खपली आणि लिंबू घेऊन बैठकीला गेलो. इतिहासवाले मध्यंतरी वारले होते, बाकीचे तिघे होते. मी उभा राहून सांगितलं. कोणी हसलं नाही, कारण कोणाला पटलंच नाही. मराठीवाले म्हणाले, "सर, बीपीची गोळी घेतली का?" पीटीवाले म्हणाले, बायको गेल्यापासून सर फार विचार करतात. मी खपलीवर लिंबू पिळलं, ती फसफसली. त्यांनी ती कौतुकाने पाहिली आणि विषय मधुमेहाकडे गेला. रस्त्यावर माझ्या एका "हो"ला पुरावा लागला नव्हता. खऱ्याला प्रात्यक्षिकही पुरेना. माजी मुख्याध्यापक तेवढे लाल झाले. "मले तेव्हाच काहून नाही सांगितलं? मी बस काढल्या ना तिथून!" त्यांना दुःख मिस्त्रीचं नव्हतं, आपला निर्णय चुकल्याचं होतं. तरी मला ते बरं वाटलं.

मिस्त्रीला जाऊन सांगितलं. तो म्हणाला, "पुढच्या रविवारी अजून सांगा. बारा सालाचं जमलेलं एका धुन्यात निघते काय?"

तेव्हापासून दर रविवारी सांगतो. लोक मला पाहून खुर्च्या सरकवतात. कोणी "मिस्त्रीचा पंप" म्हटलं की मी उठून पहिल्यापासून सुरू करतो, त्यामुळे ती म्हण आता निदान माझ्यासमोर बंद झाली आहे.

गेल्या रविवारी माजी मुख्याध्यापक मला फाटकापाशी थांबवून इकडेतिकडे बघत म्हणाले, "तो मिस्त्री अजून तिथंच बसते का?"

"तिथंच."

"नाही, माझ्या गाडीचा काटा आजकाल जरा वर जाते."

"पाणी कोणतं टाकता?" मी विचारलं.

त्यांचंही शेत दर्यापूरकडेच आहे.