चिंचोक्याची खळ

सोलापुरात तेव्हा मोटारींच्या गाद्या शिवणारे पाच-सहाजण होते, पण तोंडावर खरं बोलून गिऱ्हाईक घालवणारा एकटा धुळा. सीट अजून दोन वर्षं सहज टिकेल, कशाला बदलता, असं तो स्वतःच सांगायचा आणि दारी आलेली लक्ष्मी परत पाठवायचा. बायको फुलाबाई कपाळावर हात मारून घ्यायची. शेजारचा मेकॅनिक महिपती म्हणायचा, या माणसाने दुकान टाकलं नाही, व्रत घेतलंय.

धुळा मूळचा सांगोल्याकडचा धनगर. बहात्तरच्या दुष्काळात त्याची निम्मी मेंढरं चाऱ्यावाचून मेली. उरलेली त्याने बाजारात नेऊन विकली आणि विकताना एकीच्याही पाठीवरून हात फिरवला नाही. हात फिरवला असता तर एकही विकता आली नसती. पण तो न फिरवलेला हात पुढे चार वर्षं त्याला खात राहिला. शहरात येताना त्याने सोबत आणलं ते बापाचं दाभण आणि बापाने शिकवलेली खळ.

घोंगडीच्या सुताला ताठपणा यावा म्हणून चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्याची खळ देतात. धुळा त्याच खळीने मोटारीच्या लाकडावर रेक्झिन चिकटवायचा. बाजारात डबाबंद सोल्युशन मिळत होतं, सगळे तेच वापरत. महिपती चिडवायचा, "धुळा, मोटारीला खळ पाजू नकोस, उद्या चढावर बें करंल." धुळा हसत नसे. सोल्युशनने चिकटवलेलं पुन्हा काढायचं झालं तर लाकडाचं सालपट निघतं, खळ मात्र कोमट पाण्याने सुटते. माणसाच्या हातून चूक होणारच, तेव्हा केलेलं निस्तरता आलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं होतं.

शहात्तर सालच्या पाडव्याच्या आठवडाभर आधी गुरुबसप्पा आपली जुनी ऑस्टिन घेऊन त्याच्याकडे आले. बाजारात त्यांचं भुसाराचं दुकान होतं. गाडी वडिलांच्या वेळची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची. वैशाखात मुलीचं लग्न होतं आणि नवरी याच गाडीतून निघायची होती. गाडी ठणठणीत होती, पण समोरचा लाकडी डॅशबोर्ड सोलापूरच्या उन्हाने आडवा फाटला होता. स्टिअरिंगपासून निघालेली भेग डावीकडच्या टोकाला चालली होती. धुळाने बोट फिरवून पाहिलं, मग वाकून पाहिलं आणि सवयीप्रमाणे खरं ते सांगून टाकलं, "आप्पा, ही ह्या टोकापासनं त्या टोकापातुर गेलीया. शेवटचं बोटभर नुसतं वरच्या पॉलिशनं धरलंय. हाताला लागत न्हाय, पण खाली रेघ हाय." गुरुबसप्पा म्हणाले, लग्नात कुणाला दिसू नये म्हणजे झालं.

धुळाने जीव ओतला. मीटर काढले, लाकडाचा भुसा खळीत कालवून भेग दाबून भरली आणि वर तपकिरी रेक्झिन असं बसवलं की सुरकुती शोधून सापडू नये. महिपतीसुद्धा येऊन गप्प उभा राहिला. ते काम पाहून धुळाला चार वर्षांत पहिल्यांदा बरं वाटलं.

गाडी न्यायला गुरुबसप्पा टांग्याने आले ते आईला घेऊनच. पहिली पत्रिका सिद्धरामेश्वरापुढे ठेवायची होती, इथून ते थेट देवळात जाणार होते. गौरम्मांचं वय पंचाहत्तरीच्या घरात, काचबिंदूने दोन्ही डोळे गेलेले. मुलाने हात धरून त्यांना पुढच्या डाव्या सीटवर बसवलं. त्यांनी सवयीने हात पुढे केला आणि डॅशबोर्डवर ठेवला. हात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, पुन्हा मागे आला. मग त्या "ब्याड" म्हणाल्या, म्हणजे नको, आणि चाचपडत खाली उतरल्या.

गुरुबसप्पांनी समजूत घातली. रेक्झिन किती सुरेख बसलंय ते सांगितलं, वेळ टळतेय म्हणाले, शेवटी आवाजही चढवला. म्हातारी गाडीला पाठ करून उभी. पत्रिका तुम्हीच ठेवा, मी लग्नालाही येत नाही, इथवर गोष्ट गेली. मग त्यांनी विचारलं, "हे केलं कुणी?"

धुळा पुढे झाला.

"भेग खाली तशीच हाय, का बुजवलीस?"

"बुजवली, अव्वा."

म्हातारीच्या चेहऱ्यावरचं पाणीच उतरलं. धुळाला वाटलं, आपण कुणाचा तरी गळा दाबलाय.

मग उभ्या उभ्याच त्या सांगू लागल्या. मुलाने इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतं, म्हणून त्यालाही ठाऊक नव्हतं. मालक गाडी चालवायचे आणि त्या शेजारी बसायच्या. भेग पहिल्यांदा दिसली ती मालकांच्या बाजूला. ते थट्टेने म्हणाले, ही तुझ्याकडं निघालीय, पोचली की गाडी मोडीत घालू आणि दोघं श्रीशैलला जाऊन राहू. तेव्हापासून दर पाडव्याला गुढी उभारली की मालक त्यांना गाडीत बसवायचे आणि राहिलेलं अंतर त्या बोटं लावून मोजायच्या. अकरा वर्षांमागे मालक एकटेच पुढे गेले. मोजणं त्यांनी सोडलं नाही; भेग पोचली की आपलीही निघायची वेळ, एवढंच मनाशी धरलं. गेल्या पाडव्याला तीन बोटं राहिली होती. यंदाच्या पाडव्याला गाडी धुळाच्या शेडमध्ये होती.

गुरुबसप्पा खाली बघत राहिले. एवढा मोठा माणूस, पण तेव्हा त्यांना कुठे उभं राहावं ते कळेना.

धुळाने स्टोव्ह पेटवून पाणी कोमट केलं, फडकं भिजवलं आणि रेक्झिनच्या कडेला लावून बसला. तासाभरात कड सुटली. सगळं रेक्झिन त्याने अलगद मागे घेतलं आणि भेगेतला भुसा बाभळीच्या काडीने कोरून काढला. लाकडाला ओरखडाही आला नाही. महिपती दारातून बघत होता, पण त्या दिवशी त्याने बें केलं नाही.

गौरम्मा पुन्हा गाडीत बसल्या. भेगेत नख घालून त्या सरकत सरकत डावीकडे आल्या आणि एका जागी थांबल्या. तिथून टोकापर्यंत त्यांनी बोट आडवं लावलं. एकच मावलं.

"माझ्या हाताचा भरवसा न्हाय आता," त्या म्हणाल्या. "तुला डोळे हायत. नीट बघून सांग, किती राहिलं?"

धुळा वाकला. पॉलिशखालची ती केसाएवढी रेघ उन्हात स्वच्छ दिसत होती, पार टोकाला भिडलेली. त्याने वर पाहिलं. पलीकडच्या खिडकीत गुरुबसप्पा उभे होते. त्यांनाही दिसत होती, त्यांना तर त्याने आधीच सांगितलं होतं. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"एक बोट, अव्वा," धुळा म्हणाला. "चांगलं भरून एक बोट."

"मग नातीचं लगीन हुतंय," गौरम्मा म्हणाल्या आणि त्यांनी पत्रिका मांडीवर घेतली. जरा वेळाने म्हणाल्या, "लग्नापुरतं वरनं झाक बाबा. बुजवू नको."

धुळाने नवी खळ शिजवली आणि भेग उघडी ठेवून वर रेक्झिन बसवलं. गाडी देवळाकडे गेली तेव्हा म्हातारीचा हात डॅशबोर्डवरच होता.

संध्याकाळी भाकरी समोर आली तरी धुळा हात जोडल्यासारखा बसून होता. फुलाबाईने विचारलं, झालं काय.

"आज खोटं बोललो."

लग्न झाल्यापासून फुलाबाईने हे कधी ऐकलं नव्हतं. तिने तवा उतरवला आणि विचारलं, केवढं.

धुळाने एक बोट वर केलं.