धोट्याची मूठ

माझ्या शाळेपासूनच्या मित्रानं, विलासनं, मला फसवलं. आम्ही दोघांनी पवनीला माझ्या घरी बनवलेली गेमची पेटी त्यानं मला न विचारता विकून टाकली.

आज लाखनीतल्या माझ्या दुकानात कारागीर टीव्हीतल्या तारेला सोल्डरचा डाग देत होता. राळेचा धूर नाकात गेला आणि ती दुपार समोर उभी राहिली. जुनी गेमची मशिनं खोलून, तारांना असेच डाग देऊन आम्ही एकाच लाकडी पेटीत बसवली होती. कोणत्याही मशिनची कॅसेट लावा, चालायची. फक्त खेळायच्या दांडीला मूठ नव्हती. बाबा जन्मभर ज्यावर विणत आले त्या, आता बंद पडलेल्या हातमागापाशी बसले होते. त्यांनी मागावरचा धोटा, आडवं सूत फेकायचा तो लाकडी तुकडा, उचलून माझ्यापुढे धरला.

"हा काप बे. गुळगुळीत हाय."

"काका, मागाले लागन ना जी!" विलास म्हणाला.

"माग कोण चालवून राहिला आता?"

मग बाबांनी स्वतःच आरी चालवली. हाताच्या घामानं काळं पडलेलं लाकूड आतून पिवळंधमक निघालं. मूठ बसली. पहिला डाव तेच खेळले आणि ओरडले, "माह्या धोट्यानं विमान उडून राहिलं बे!"

मूठ फुकटात मिळाली म्हणून मी खूश होतो. त्या दुपारी ते काय कापत होते, हे मला ते गेल्यावर कळलं. तोवर माग सरपणात गेला होता. उरली होती ती मूठ.

विलास, घासाघीस करूनच मी हे दुकान उभं केलं, पण पेटीचा भाव तुला विचारणार नाही. माझ्या बाबांची मूठ कोणाच्या हातात दिलीस? तोंड उघड आणि सांग.