स्टेप म्हणजे पायरी नव्हे

इथे आखातात, सलमाबादच्या एका गॅरेजात मी स्टोअरकीपर होतो. काम सुटे भाग काढून देण्याचं. पण मला चष्मा होता आणि मी पेपर वाचायचो, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. दाढदुखीपासून व्हिसापर्यंत काहीही अडलं की माणसं माझ्या खिडकीशी यायची. मी कुणाला उत्तर न देता परत पाठवलं नाही. उत्तर बरोबरच हवं, अशी अट कुणी घातली नव्हती.

आमच्याकडे सांगलीकडचा एक डिझेल मेकॅनिक होता. ट्रॅक्टरच्या नुसत्या आवाजावरून दुखणं ओळखणारा माणूस, आणि इथे दिवस जात होते पाण्याच्या टँकरखाली पडून. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी एका एजंटाने त्याला कझाकस्तानच्या उत्तरेला, गव्हाच्या एका मोठ्या फार्मवर काम देऊ केलं. सगळे ट्रॅक्टर, सगळे हार्वेस्टर त्याच्या ताब्यात. गावाचं नाव त्याला उच्चारता येईना, पण एक शब्द तो पाठ करून आला होता.

"मास्तर, स्टेप म्हंजी काय वो?"

मी कोकणातला. आमच्याकडे शेती म्हणजे डोंगराच्या अंगावर एकाखाली एक बसवलेली भाताची खाचरं. मी लगेच म्हणालो, "स्टेप म्हणजे पायरी. पायऱ्यापायऱ्यांची शेती. डोंगराळ मुलूख आहे."

"मग ट्रॅक्टर कुठनं चढवायचा?"

"तेच तर म्हणतोय मी," असं म्हणून मी चष्मा पुसला. त्या काळी मी महत्त्वाचं बोलून झालं की चष्मा पुसायचो.

दुसऱ्या दिवशी तो एजंटाकडून फोटो घेऊन आला. फोटोत नजर पोचेपर्यंत सपाट रान. गहू, गहू आणि वर आभाळ. उंचवटा म्हणून कुठे नव्हता.

"ह्यात पायऱ्या कुठं हायत?"

खरं सांगायचं तर त्याच क्षणी मला कळलं होतं की मी चुकलो. पण खिडकीशी आणखी तिघे उभे होते. मी फोटो जवळ धरला, लांब धरला आणि म्हणालो, "ही एकच पायरी आहे. तिकडे पायऱ्या मोठ्या असतात."

तिघांनी माना डोलावल्या. त्याने एजंटाला "मफी", म्हणजे इथल्या अरबीत नाही, असं कळवलं आणि परत टँकरखाली गेला.

मी निवृत्त होऊन इथेच जवळ, रिफाला मुलाकडे राहायला आलो. यंदा नातीचा भूगोलाचा अभ्यास घ्यायची हौस आली. इतक्या वर्षांत माझं उत्तर मलाही खरं वाटू लागलं होतं; पुस्तकात तो शब्द दिसला तसा मी पायऱ्यांपासून सुरुवात केली. नात म्हणाली, "आजोबा, इट्स फ्लॅट. टोटली फ्लॅट." मराठी तिला सगळं कळतं, उत्तर तेवढं ती इंग्रजीत देते. अपमान कुठल्याही भाषेत कळतो.

मग मी महिनाभर वाचत बसलो. स्टेप म्हणजे झाडं नसलेला अफाट गवताळ प्रदेश. हजारो वर्षं गवताची मुळं कुजून तिथली माती काळी झाली. तिथल्या लोकांना ती जमीन ठाऊक होती; ते घोडे-मेंढ्या घेऊन गवतामागे हिंडायचे. पुढे दूरच्या कचेऱ्यांतून ठरलं की गवत म्हणजे वाया गेलेली जमीन, आणि मैलोन् मैल नांगर फिरला. सुरुवातीला भरघोस पिकलं. मग वारा सुटला आणि वरची माती उडून गेली. तेव्हा मंडळींनी वारा अडवायला झाडांच्या रांगा लावल्या, धसकटं रानात ठेवायला शिकले. म्हणजे माझ्यासारखे मास्तर तिथेही होते. फरक एवढाच की त्यांच्याकडे शिक्के होते.

मेकॅनिक या महिन्यात कायमचा गावी निघाल्याचं कळलं. मुलाला गाडी काढायला लावली आणि सलमाबादला गेलो. तो त्याच शेडमध्ये होता, दाढी पांढरी झालेली.

"या मास्तर! कसली शंका काढली?"

मी सगळं सांगितलं. पायरी, फोटो, मला तेव्हाच कळलं होतं ते, आणि खिडकीशी उभे असलेले तिघेसुद्धा. तो चिंधीने एकेक बोट पुसत ऐकत होता.

"म्हंजी सपाट हाय?"

"सपाट."

"काळी?"

"तुमच्याकडच्यासारखी काळी."

"खोल किती?"

"हातभर. कुठे कुठे जास्तच."

त्याने स्वतःच्या कोपरापासून बोटांपर्यंत पाहिलं. "आन मी गावाकडं सगळ्यांस्नी सांगत सुटलो, तिकडं पायऱ्या हायत म्हणून. लोकं हसायची. मी म्हणायचो, आमच्या मास्तरांनी सांगितलंय."

शेडमधली दोन-चार माणसं हात थांबवून बघत होती.

"मास्तर, एक सांगा. गेलो असतो तर निभावलं असतं का माझं?"

उत्तर माझ्या ओठांवर आलं होतं. तिथला हिवाळा फार कडक, रक्त गोठवणारा; तुझे हात तिथे चालले नसते, देवाने वाचवलं. निम्मं खरंही होतं. ऐकून त्याला बरं वाटलं असतं, मला त्याहून जास्त.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

"आत्ता बोललात," असं म्हणून तो चाकं लावलेल्या फळकुटावर पाठ टेकून टँकरखाली सरकला. तिथूनच त्याने बाराचा पाना मागितला. पान्यांवरचे आकडे झिजून गेले होते; मला बाराचा कुठला आणि चौदाचा कुठला, ओळखू येईना. मी दोन्ही त्याच्या हाताशी ठेवले.