घरचंच गिऱ्हाईक

सिंगापुरातल्या समस्त मराठी जनांस अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, यिशुनमधल्या एका सरकारी इमारतीत, सहाव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये, यापुढे संध्याकाळचे भाषण होणार नाही. वक्ते मधुकर साळवी, निवृत्त चीफ इंजिनियर, गेल्या महिन्यात झोपेतच गेले. श्रोत्यांनी आपापल्या कुंड्यांना आता निर्धास्तपणे पाणी घालावे.

श्रोते दोनच. खालच्या मजल्यावरचा मी आणि त्यांचे शेजारी लिम अंकल. मधुकाकांचा आवाज जहाजाच्या इंजिनरूममध्ये घडलेला; कानात सांगायची गोष्टही ते बॉयलरवर मात करत सांगायचे. विषय ठरलेला... कोटा. इथल्या सरकारी घरांच्या प्रत्येक इमारतीत चिनी, मलय, भारतीय यांनी किती घरं घ्यावीत याला मर्यादा असते, म्हणजे एकाच समाजाची वेगळी वस्ती होऊ नये. "मुंबईत मला आडनाव विचारून घर नाकारलं," काका गरजत, "आणि इथे सरकार म्हणतं, शेजारी वेगळाच हवा! माझी केतकी या लिमच्या ताटात जेवून मोठी झाली."

"टू मच शी ईट," लिम अंकल शांतपणे म्हणत. "ऑल माय फिशबॉल, फिनिश."

मग सुमनकाकूंचे गुडघे गेले. केतकी लग्नानंतर बुकित पंजांगला राहते. तिच्या समोरच्याच इमारतीत घर घ्यायचं, नातवाला शाळेतून आणायचं, असं म्हाताऱ्यांचं ठरलं. त्यासाठी आधी हे घर विकणं भाग होतं. लिम अंकलना मुलासाठी शेजारीच घर हवं होतं, दोघांनी पॅसेजमध्ये हात मिळवले, कॉफीसुद्धा झाली. आणि एजंटने सांगितलं की या इमारतीतला चिनी वाटा भरलेला आहे. भारतीयाचं घर चिनी माणसाला विकता येणार नाही. लिम अंकलनी दोन्ही घरांमधल्या भिंतीवर थाप मारली. "सेम वॉल, व्हॉट! व्हाय कॅनॉट?" तेव्हा काकांना स्वतःचंच भाषण त्यांना पुन्हा समजावून सांगावं लागलं. काका हळू बोलू शकतात, हे मला त्या दिवशी कळलं.

समोरच्या चिनी कुटुंबाचं तेवढंच घर बघता बघता चढ्या भावाने गेलं, चिनी गिऱ्हाइकालाच; चिन्याच्या जागी चिनी आला की वाटा होता तेवढाच राहतो. त्यांना अख्खा बाजार खुला. आमच्या काकांच्या वाट्याला मूठभर गिऱ्हाइकं, आणि ती घासाघीस करणारी. "आयुष्यभराची कमाई या भिंतींत घातली," ते म्हणाले, "भिंतींनाही वंश असतो, हे मला कुणी सांगितलं नाही रे..." ज्या नियमाची त्यांनी इतकी वर्षं फुकट वकिली केली, तोच त्यांच्यावर उलटला होता. तरीही नियमाला त्यांनी शिव्या दिल्या नाहीत. त्या त्यांनी प्रकाशरावांसाठी राखून ठेवल्या.

कारण अखेर गिऱ्हाईक आलं ते आपलंच. गणपतीच्या आरतीला काकांना खेटून उभे राहणारे, टाळ सर्वांत जोरात वाजवणारे प्रकाशराव. घर पाहिलं, काकूंच्या हातचे उकडीचे मोदक खाल्ले, तूप पुन्हा मागून घेतलं आणि बोटं चाटत म्हणाले, "काका, लिमला तर तुम्ही विकू शकत नाही. मग बाजारभाव कशाला धरायचा? आपण काय, घरचेच!" काकांनी उठून दार उघडलं आणि ते जाईपर्यंत धरून ठेवलं. पण माणूस चिवट. दर सणाला शुभेच्छांचा फोन यायचा आणि दर फोनला भाव आणखी खाली. "सरकारने माणसं जवळ आणायला नियम केला," काका म्हणायचे, "आणि या गृहस्थाने त्याचा अडकित्ता केला." हट्टाने त्यांनी घर दिलं नाही. बुकित पंजांगचं घर दुसऱ्या कुणी घेतलं. नातू शाळेतून मेडबरोबर येत राहिला.

परवा काकांच्या घरीच शोकसभा झाली. प्रकाशराव आले, हार घातला, भरल्या गळ्याने बोलले... खरं सांगतो, माझ्यासारख्या नाटक्याला हेवा वाटावा असं बोलले. मग काकूंशेजारी बसून अगदी मऊ आवाजात म्हणाले, "काकू, एवढ्या घरात एकट्या कशा राहणार? विकायचं मनात आलं तर आधी मला सांगा. आपण घरचेच."

नवऱ्यापुढे ज्यांना उभ्या संसारात एक वाक्य पुरं करायला मिळालं नाही, त्या सुमनकाकू भरल्या सभेत म्हणाल्या, "या ना, प्रकाशराव, पाडा आणखी भाव! आता तर घरातला एक माणूससुद्धा कमी झालाय!"