सलीमभाईंना मी माफ केलं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, सख्ख्या भावालाही नाही. आणि मी तर बोलका माणूस! आमच्या खानदानात किस्से सांगायचं खातं माझ्याकडंच. बारसं असो, साखरपुडा असो, जेवणं उरकली की लोक सतरंजीवर सरकून जागा करतात — "हं भाऊ, होऊ द्या तुमचं." मग मी भूकंपाचा किस्सा काढतो. घर हललं तेव्हा अख्ख्या घरात सगळ्यांत आधी अंगणात कोण पोचलं? मी. चादर गुंडाळून. आईला हाकसुद्धा न मारता. आई स्वतःच हसत म्हणायची, "माझं लेकरू लई चपळ!"

स्वतःचा भित्रेपणा असा चारचौघांत वाटणाऱ्या माणसाच्या पोटात काय लपलेलं असणार — असंच वाटतं ना? लोकांना तेच वाटावं, असं मला हवं होतं. लहान चुका सांगत राहिलं की मोठीकडं कुणी बघत नाही.

तर — पोकर. ऑनलाइन पोकर. हसा, मला काही वाटत नाही. पन्नाशीला टेकलेला कारकून, लातूर–चाकूर रोजचं येणं-जाणं, आणि एसटीत मोबाइलवर पत्ते. तीन पत्ती आम्ही गणपतीत खेळतो, ती नशिबाची. हा खेळ डोक्याचा, अशी मी माझीच समजूत घातली होती. त्यातही मी स्पर्धा खेळायचो. शेकडो लोक एकदम बसतात, सगळ्यांना सारखे चिप्स, म्हणजे डावावर लावायच्या सोंगट्या. संपले की तुम्ही बाहेर. शेवटचे नऊ जण एका टेबलावर येतात, ते फायनल टेबल. तिथं पोचायचं — एवढंच माझं स्वप्न.

त्यासाठी खतवाल्यानं दिलेल्या डायरीत मी नियम लिहून काढले होते. पहिला तास हात बांधून बसायचं, उतावळे एकमेकांना खातात. आपली पाळी शेवटी असेल तेव्हाच धाडस करायचं. फायनल टेबल जवळ आलं की आपण काही करायचं नाही, दुसरा कुणी बाहेर पडायची वाट बघायची. आणि ठळक अक्षरांत — खेळताना फोन घ्यायचा नाही. निर्णयाला पंधरा सेकंद मिळतात. गेले की पत्ते गेले.

त्याच घरात माझी पोरगी अपूर्वा दुसऱ्यांदा रिपीटर बॅचला बसली होती. लातुरात तेव्हा प्रत्येक घरात एकतरी पोर मेडिकलचा अभ्यास करून राहिलं होतं. तिच्या भिंतीवर हृदयाच्या आकृत्या. ती टेबलाशी पाठ करायची, मी बाथरूममध्ये माझे नियम. अभ्यासू बाप-लेक!

तिला मार्क बरे पडले. सरकारी डेंटलला लागेल, अगदी काठावर, असं क्लासचे सर म्हणाले. आता फक्त कॉलेजांच्या पसंतीची यादी भरून लॉक करायची होती. मुदत शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाचची. फॉर्म भरायला ती गल्लीतल्या सलीमभाईंकडं बसली होती. त्यांचं झेरॉक्सचं दुकान. गल्लीतल्या दोन पिढ्यांचे फॉर्म त्या माणसानं भरले असतील. स्पेलिंग तीनदा वाचून दाखवायचे. आणि लॉक करायचा ओटीपी येणार होता माझ्या फोनवर. बापाचाच नंबर देतात ना सगळे? आम्हीही दिला होता.

मला हे माहीत होतं. हे आधीच सांगून ठेवतो. मी विसरलो नव्हतो.

त्या दुपारी साहेब दौऱ्यावर होते. मी रेकॉर्ड रूममध्ये, जुन्या फायलींच्या गठ्ठ्यावर. सकाळपासून खेळत होतो आणि — काय सांगू — नियम लागू पडत होते! साडेचारला स्पर्धेत अकरा जण उरले. अकरा! दोन बाहेर पडले की फायनल टेबल. माझे चिप्स थोडे, पण तग धरण्यापुरते.

तेवढ्यात अपूर्वाचा फोन. सरांनी सांगितलं म्हणून ती यादी शेवटपर्यंत बदलत बसली होती. मी कट केला. फोन सायलेंटवर टाकला. एक हात, मग बोलतो. बायकोचा फोन. कट. मग स्क्रीनच्या वरच्या कडेला मेसेजची पट्टी उतरली — ओटीपी. सहा आकडे. मी ते वाचले. वाचले, आणि अंगठ्यानं पट्टी वर सारली, कारण तिच्याखाली माझे पंधरा सेकंद दिसत नव्हते.

ओटीपी फोनवर सांगायला किती वेळ लागतो? दहा सेकंद? पण माझ्या नियमात बसत नव्हतं. अजून एक जण बाहेर पडू दे. मग दुसरा ओटीपी आला. एक जण बाहेर पडला. मग तिसरा. तेव्हा माझ्या हातात दोन एक्के होते. एवढे चांगले पत्ते मला कधी आले नव्हते. मी सगळे चिप्स पुढं सारले.

हरलो. दहावा आलो. फायनल टेबलला नऊ बसतात.

पाच वाजून सहा मिनिटं झाली होती.

मग मी जे केलं ते खेळाच्या नशेत केलेलं नाही. अगदी शांत डोक्यानं तिन्ही मेसेज पुसले. घरी फोन लावला. पलीकडं अपूर्वा रडत होती, फोन बायकोनं घेतला.

"अहो, कुठं होता तुम्ही? पोरगी किती फोन करून राहिली!"

"साहेबांसमोर बसलो होतो. पण मेसेजकडं लक्ष होतं ना माझं. ओटीपी आलाच न्हाई."

"आला न्हाई? सलीमभाई तर म्हणायलेत, तीनदा पाठवला."

"मग त्यांनी दाबलं काय, देव जाणे."

एवढं एक वाक्य. बाकीचं काम बायकोनं केलं, आणि तिचा त्यात काय दोष? तिनं नवऱ्यावर विश्वास ठेवला. आठवड्यात गल्लीभर झालं — सलीमभाईंनी पोरीचं वाटोळं केलं.

त्या फेरीतून अपूर्वाचं नाव गेलं. पुढच्या फेरीपर्यंत ती जागा उरली नाही. तिसऱ्यांदा बसायला ती तयार झाली नाही. "पप्पा, आता माझ्यात दम न्हाई," म्हणाली. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. याच अंगठ्याचा हात.

चौथ्या दिवशी सलीमभाई घरी आले. चप्पल काढून उंबऱ्याबाहेरच उभे. आत या म्हटलं तरी येईनात.

"भाऊ, रातभर सोचून राहिलो," ते म्हणाले. "मी तर तीनदा दाबलं होतं. पण मशीन हाय, माझे डोळे बी आता कमी झालेत. माझ्याच हातून चुकलं असंल. बच्ची का नुकसान हो गया. माफ करा."

दारामागं बायको उभी होती, अपूर्वा उभी होती. आणि मी — मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. म्हणालो, "जाऊ द्या सलीमभाई. माणूसच चुकतो."

त्यांचे डोळे भरून आले. माझा हात दोन्ही हातांत धरून ते कितीतरी वेळ उभे होते.

त्यानंतर त्यांनी फॉर्म भरणं बंद केलं. नुसतं झेरॉक्स. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, "ना रे बाबा, लेकराच्या जिंदगीचा सवाल हाय."

अपूर्वा आज नांदेडला एका क्लासमध्ये बायोलॉजी शिकवते. चांगली शिकवते म्हणतात. दरसाल तिच्या हाताखालची पोरं डॉक्टर व्हायला जातात. गेल्या दिवाळीत आली होती, तेव्हा सलीमभाईंच्या दुकानावरून आम्ही दोघं चालत आलो. त्यांनी नेहमीसारखा आधी सलाम केला. थोडं पुढं आल्यावर ती म्हणाली, "पप्पा, तेव्हा मला त्यांचा लई राग यायचा. आता वाटतं, केवढं मोठं मन. स्वतः येऊन चूक कबूल केली. कोण करतं असं? आणि तुम्ही बी एका शब्दात माफ केलं."

मी म्हणालो, "हाव."